शहागडचं मलम

महालक्ष्म्या उठल्या त्या दुपारी घरात कुणाच्याच अंगात त्राण उरलं नव्हतं. तीन दिवस पुरण वाटून थोरल्या सुनेचे, नंदाबाईचे, खांदे भरून आले होते. मुखवटे पेटीत गेले, मखर उतरलं. ओसरीवर सुकलेली फुलं तेवढी राहिली होती आणि ती झाडायलाही कुणी उठत नव्हतं. त्यातच दारात बैलगाडी थांबली. परतूर स्टेशनावरून मार्तंडराव वैद्य आले होते.

धर्मराजने त्यांना पूर्वी एकदाच पाहिलं होतं, जेलाच्या भेटीच्या खोलीत. सत्याग्रहातले कैदी सुटून महिना झाला होता, तरी वैद्यबुवांच्या अंगावर मांस धरलं नव्हतं. पण त्यांना बघून मच्छिंद्र ताडकन उठला, गडबडीनं घोंगडी झटकून अंथरू लागला. धाकट्या भावाच्या तोंडावर असा उजेड महिन्याभरात पहिल्यांदा दिसत होता. शाळामास्तरची नोकरी सोडून तो जेलात गेला, आठ महिन्यांनी परत आला, आणि आल्यापासून नुसता छताकडे बघत पडून राहायचा. धर्मराज त्याला काही बोलत नसे. शेत, बैल, पाहुणे, सगळं एकट्यानं ओढायची त्याला सवय झाली होती. पण हा मुलगा असाच पडून राहिला तर काय, हा विचार डोक्यातून जात नव्हता.

"बापू, तुमच्या घरच्या औषधाचे माझ्यावर उपकार आहेत," पाणी पिऊन मार्तंडराव म्हणाले. "बराकीत बाराजणांचे घोटे बेड्यांनी चिघळले होते. तुम्ही तो डबा आणून दिलात. आठ दिवसांत माझी जखम कोरडी झाली. वीस वर्षं वैद्यकी करतोय, पण असं लाल औषध मी कधी पाहिलं नव्हतं."

"घरचंच हाय," धर्मराज म्हणाला. "गाव नेतं. आम्ही कुणाला न्हाई म्हणत न्हाई."

"म्हणूनच आलो. जालन्याला माझ्या दवाखान्यामागं दोन खोल्या रिकाम्या आहेत. मच्छिंद्ररावांनी तिथं राहावं. औषध ते करतील, नाव माझ्या दवाखान्याचं लागेल. भागीदारी म्हणा. जेलात आमचं सगळं ठरलंय."

धर्मराजने भावाकडे पाहिलं. मच्छिंद्रने होकाराची मान हलवली.

"मंग चांगलंच झालं की," धर्मराज म्हणाला, आणि किती दिवसांनी त्याने पाठ भिंतीला टेकली. पलीकडे त्याची आई तुळजाबाई पाय पसरून बसली होती. 

मार्तंडरावांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. जालन्याच्या छापखान्यातून नमुना करून आणला होता. मच्छिंद्रने तो घेतला आणि आईला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचला.

"श्री समर्थ व्रणलेप. जांब क्षेत्री एका सत्पुरुषाने कै. कडूबा पाटील यांस कृपापूर्वक दिलेला."

आतल्या खोलीत, दाराआड, दुर्गाबाई औषधासाठी दगडी पाला निवडत बसली होती. तिचे हात थांबले.

ती या घरची मधली सून. नवरा, रामराव, सात वर्षांपूर्वी तापाने गेला. सणाच्या तीन दिवसांत ती पुढच्या ओसरीवर आली नव्हती, येतही नसे. मागच्या खोलीत चूल होती, तिथं तिचं काम चाले. गावात कुणाचा हात भाजला, कुणाच्या बाळाच्या मांड्या सोलल्या, कुणाच्या पायात बाभळीचा काटा मोडून पिकला, की बाया मागच्या दारानं यायच्या. दुर्गाबाई पळसाच्या पानावर बोटभर लाल मलम द्यायची. हा साधू तिने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला ते सहन झालं नव्हतं. जांबला जाऊन सासऱ्यानं, कडूबांनी, साधूची सेवा केली, आणि साधूनं मलम दिलं, असं गाव सांगायचं. पुढं त्याचीही सवय झाली. आज तो साधू छापून आला होता.

राग येईल असं तिला वाटलं. आला नाही. नुसतं दमल्यासारखं झालं.

बाहेर धर्मराज म्हणत होता, "व्रणलेप म्हंजी लोकान्ला कळंल का, वैद्यबुवा? आम्ही मलम म्हणतो. मलमच लिवा की. मळायचं, चोळायचं, म्हणून मलम. सोपं हाय."

"मळायचं न्हाई रे," तुळजाबाई पहिल्यांदा बोलली. "जखमंतला मळ काढतं म्हणून मलम. माझी माय असंच सांगायची."

मार्तंडराव हसले, पण त्या हसण्यातही थकवा होता. "दोन्ही ऐकायला बरं आहे, बाई. पण तसं नाही. मलम हा आपला शब्दच नव्हे. मूळ अरबी, मरहम. फारसीतून दखनीत आला, दखनीतून आपल्या तोंडी. आपल्या लोकांना तो म्हणता येईना. र चा ल केला, मधला ह गिळला. झालं मलम. एक म्हातारे हकीम मला सांगायचे की अरबांनीही तो युनानी, म्हणजे ग्रीक, लोकांकडून घेतला असावा, तिकडं त्याचा अर्थ मऊ करणारं. खरंखोटं त्यांना ठाऊक. लेप मात्र आपला, लिंपणे त्याच धातूचं. ज्या राज्यात उर्दूपुढं आपली भाषा शाळेतसुद्धा धड शिकवू देत नाहीत, तिथं निदान औषधाच्या डबीवर तरी आपला शब्द असावा. एवढ्यासाठीच तर आपण आत बसलो."

"बराबर हाय," धर्मराज म्हणाला. त्याला शब्दाशी काही देणंघेणं नव्हतं. भाऊ मार्गी लागत होता.

मच्छिंद्र मात्र कागद हातात धरून वैद्यबुवांच्या एका शब्दापाशीच अडकला होता.

मरहम. शाळेत तो उर्दूतूनच शिकला, उर्दूतूनच शिकवायचा. मरहम-पट्टी हा शब्द त्याने फळ्यावर किती वेळा लिहिला असेल. घरी आला की वैनीचं मलम. दोन्ही एकच आहे हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. शाळेचा शब्द शाळेत राहिला आणि घरचा घरी. आणि आत्ता वैद्यबुवांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्याबरोबर त्याला तिसराच आवाज आठवला. तो आवाज त्याने कुणालाच सांगितला नव्हता. मार्तंडरावांनाही नाही.

"आता फक्त कृती तेवढी हवी," मार्तंडराव म्हणाले. "काय काय पडतं, किती पडतं. मला संध्याकाळची गाडी धरायचीय."

धर्मराजने दाराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. "अगं, तिला म्हण, वैद्यबुवान्ला सांग म्हणावं काय काय घालतीस."

दुर्गाबाई थोरल्या दिरासमोर बोलत नसे. काही सांगायचं असलं तर नंदाबाईमार्फत. नंदाबाई दारात आली, आत पाहिलं. "ऐकलंस ना? सांग बाई. लवकर सांग, म्हंजी त्यांची गाडी चुकायची न्हाई."

नंदाबाईच्या मनात वाईट नव्हतं. पण सात वर्षं मागच्या दारात उभ्या राहणाऱ्या बायका "दुर्गावैनी हायती का" म्हणून विचारायच्या, "नंदावैनी" कधी कुणी म्हणालं नव्हतं. हे खोल कुठंतरी तिला बोचायचं. औषध एकदाचं जालन्याला गेलं तर दोघी सारख्या होतील, असं आत्ता, या क्षणी, तिला वाटून गेलं, आणि वाटल्याची लाजही वाटली.

दुर्गाबाई उठली. पदर पुढं ओढून दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. अर्धी आत, अर्धी बाहेर.

"अक्का, त्यान्ला इचारा," ती म्हणाली, आणि आवाज ओसरीभर पोचला, "त्या कागदावर माझ्या मायचं नाव घालणार का?"

धर्मराजची पाठ भिंतीवरून सुटली. "कुणाचं नाव?"

"माझ्या मायचं. शहागडच्या. ह्या मलमाचा आन् जांबाचा काई संबंध न्हाई. मी लगीन होऊन आले तवा संगं घेऊन आल्ते."

 आता तोंड उघडलंच आहे तर सगळंच बोलून टाकावं, तसं ती बोलत गेली, घाई न करता, खाली जमिनीकडे बघत.

"माझ्या धाकट्या भावाच्या वक्ताला मायचं थान पिकलं व्हतं. ताप, पू, लेकराला दूध न्हाई. घरच्यांनी आशा सोडली. गावच्या गंगेच्या घाटाजवळ चाँदबी अत्तारीण राहायची, जडीबुटी इकायची, ती आली. चाळीस दिवस येत राह्यली. तिनंच हे करून लावलं. राळ, तिळाचं तेल, मेण, कडुनिंब, दगडी पाला, आन् रतनजोत. त्या मुळीनंच त्याला लाल रंग येतो. माय उठून बसली तवा चाँदबीनं तिला सारं शिकवलं. म्हणली, 'बेटी कू भी सिखाव, भूलना नक्को.' ती मरहमच म्हणायची. मायला ते येईना, माय मलम म्हणायची. दोघी एकमेकीन्ला हसायच्या. वैद्यबुवा सांगत्यात ते मला काई नवं न्हाई. मला ते लहानपणापासून ठाव हाय."

मार्तंडरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "आणि रतनजोत अजून तिथूनच आणता?"

"दर भाऊबीजेला. चाँदबी गेली. तिचा ल्योक देतो."

धर्मराज उठला. ओसरीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. "आज सांगून राह्यलीस हे? सात वर्सं गप बसली, आन् पाहुणे घरी आल्यावर? माझ्या बापाचं नाव गावानं घेतलं, ते खोटंच का?" तो बोलत होता नंदाबाईकडे बघून, आणि नंदाबाई बिचारी दोघांच्या मधे उभी. "हिला म्हण, मच्छिंद्राचं कल्याण व्हतं तर हिचं काय जातं? मायचं नाव, अत्तारणीचं नाव! कुणाला पायजे हाय ते?"

"मला पायजे," मच्छिंद्र म्हणाला.

धर्मराज वळला.

"दादा, बस जरा. तुला एक सांगायचं ऱ्हायलं." मच्छिंद्रने कागद घडी करून मांडीखाली ठेवला. "तू डबा आणून दिलास ना, त्या दिवशी मला ताप व्हता. बेडी दोन्ही पायात. वाकताबी येईना. बाकी सगळे कामावर गेल्ते. एक शिपाई पहाऱ्यावर व्हता, म्हातारा. त्यानं डबा उघडून वास घेतला. म्या घाबरलो, म्हणलं आता फेकून देतो. त्यानं खाली बसून माझा पाय मांडीवर घेतला. म्हणला, 'हिलू नक्को. मरहम लगातूं.' बेडीखाली बोट घालून घालून लावलं त्यानं. रोज यायचा. सुटस्तोवर. आम्ही रोज सकाळी त्याच्या तोंडावर घोषणा द्यायचो, आन् दुपारी तो माझा पाय मांडीवर घ्यायचा."

"मला बोलला नाहीस कधी," मार्तंडराव म्हणाले.

"कुणाला बोलायची लाज वाटायची. बाहेर आल्यावर लोकांनी हार घातले, जेलातलं सांगा म्हणले. मारलं, उपाशी ठेवलं, ते सारं सांगितलं. हे एक गिळलं. ते सांगितलं असतं तर बाकीचं खोटं वाटलं असतं, असं मला वाटायचं. पण दोन्ही खरं हाय." तो थांबला. "त्याचं नावबी मी इचारलं न्हाई, वैद्यबुवा. मराठीचं राज्य व्हावं म्हणून मी परत जेलात जाईन. पण ह्या कागदाखाली माझं नाव नका घालू."

इतका वेळ तुळजाबाईने पायाच्या अंगठ्याकडे बघणं सोडलं नव्हतं. आता ती म्हणाली, "साधूचं म्या केलं."

"काय केलं, माय?" धर्मराज म्हणाला.

"तो साधू. कडूबांनी कुठला साधू बघितलाय! जांबच्या जत्रंला ते रेवड्या खायला जायचे." तिने पदराने तोंड पुसलं. "रामा गेला. त्याच्यानंतर तीन महिने मागच्या दाराला कुणी आलं न्हाई. ह्या गावाला मी काय आज वळखते? पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हातचं औषध जखमंला नको, म्हणायच्या बाया. एकीनं तर माझ्या तोंडावर म्हणलं, नवरा खाल्ला तिनं, ती काय बरं करणार. ही मागं बसायची कढई घेऊन. करायची, आन् तसंच पडून ऱ्हायचं. जेवत न्हाई, बोलत न्हाई. मला वाटलं ही बी जाती आता रामाच्या मागं. मंग म्या विहिरीवर सांगितलं, की औषध हिचं न्हाई, साधूनं आमच्या मालकान्ला दिलेलं हाय, ही नुसती ढवळती. दुसऱ्या दिवशी चार बाया आल्या."

दुर्गाबाईने पहिल्यांदाच मान वर करून सासूकडे पाहिलं. "मला काऊन सांगितलं न्हाई, आत्याबाई?"

"काय सांगू? तुझ्या मायचं नाव पुसलं, असं सांगू? तू मला शिव्या दिल्या असत्या. मनात देतच व्हतीस की."

 खरं होतं ते. सात वर्षं सासूच्या भाकरीवर तूप वाढताना दुर्गाबाई मनात जे बोलायची ते सासूला ऐकू गेलेलं होतं. आणि आता तिला कुणावर रागवावं तेच कळेना. साधू खोटा, पण त्या साधूमुळं ती जगली. तिने चौकटीला डोकं टेकलं.

"आता काय करायचं मंग?" धर्मराजने विचारलं. त्याच्या आवाजातली धार गेली होती. तो सगळ्यांनाच विचारत होता.

उत्तर मार्तंडरावांनी दिलं. "बापू, मी खरं बोलतो. चाँदबी अत्तारीण असं मी डबीवर घातलं, तर आजच्या घडीला जालन्यात माझ्या दारात कुणी येणार नाही. माझेच लोक येणार नाहीत. मला हे सांगताना लाज वाटते, पण घातलं नाही तर तुमच्या या बाईंसमोर मला तोंड दाखवता यायचं नाही." ते उठले, वहाणा पायात सरकवल्या. "मी माझ्या ग्रंथातला लेप करीन. तो इतका चांगला होणार नाही."

"पदार्थ तर सांगितले मी तुमान्ला," दुर्गाबाई दारातून म्हणाली. या वेळी नंदाबाईला मधे न घालता. "करा की. लोकांचे पाय बरे व्हत्याल. फकस्त साधूचं नका लिवू."

मार्तंडरावांनी तिला हात जोडले. मग मच्छिंद्रचा खांदा दाबला. "खोल्या रिकाम्याच आहेत. लेपासाठी नको, पण मुलं शिकवायला या. आपली भाषा शिकवणारा माणूस मला हवाच आहे. सरकारी मान्यता नाही, चार पोरं जमली तरी खूप."

"येतो," मच्छिंद्र म्हणाला. "दसरा झाल्यावर."

गाडी परतूरच्या वाटेला लागली तरी धर्मराज दारातच उभा होता. भागीदारी गेली, चार पोरांची शाळा हाती आली. पुढं काय, हे त्याला आधीइतकंच कळत नव्हतं. पण मच्छिंद्र विहिरीकडे चालत गेला आणि दोन घागरी भरून घेऊन आला. महिन्यात पहिल्यांदा. धर्मराजने घागर उतरून घेतली. 

तुळजाबाई ओसरीवर आडवी झाली होती. "उद्यापासून बाया आल्या न्हाईत तर मला बोल लावू नका," ती डोळे मिटून म्हणाली. "मीच सांगणार हाय आता खरं काय ते. त्या साधूला किती दिवस जेवू घालू?"

आत दुर्गाबाईने चूल पेटवली. निवडलेला पाला सुकून वाया गेला असता, म्हणून. तेल तापलं, त्यात पाला गेला, चुरचुरला. ती गुडघ्यात मान घालून बसली. कितीतरी वेळानं नंदाबाई आत आली आणि हात धुऊन तिच्या शेजारी बसली.

"मला शिकवतीस का?" तिने विचारलं. "कुणाला सांगाया न्हाई. मी मोठी जाऊ, म्हणून बी न्हाई. तुझा हात मोडला तर गावानं काय करायचं, म्हणून."

दुर्गाबाईने तिच्याकडे पाहिलं. हसू येत होतं की रडू, कळत नव्हतं. "पाला काळा पडंस्तोवर काढायचा न्हाई. पर जळू बी द्यायचा न्हाई. तेल गप व्हतं तवा काढायचा. चुरचुर थांबती. ते कानानं कळतं."

"आन् मंग?"

"गाळून राळ, मंग मेण. हळूहळू. रतनजोत शेवटी."

उलथणं नंदाबाईच्या हातात देऊन ती मागच्या भिंतीला टेकली. नुसता डोळ्याला डोळा लावते म्हणाली. तीन दिवसांचं जागरण, सणाच्या भांड्यांचं ओझं, आणि आजची दुपार. दोन श्वासांत तिची मान कलली. कढईसमोर बसून दुर्गाबाई आजवर कधी झोपली नव्हती.

नंदाबाई ढवळत राहिली. तिला पुढचं नीट ठाऊक नव्हतं. पाल्याचा रंग बदलत होता, हिरवा, मग भुरा, मग कडेला काळपट. उठवावं का, असं दोनदा मनात आलं. बाहेर कुणीतरी मागच्या दाराची कडी वाजवली. नंदाबाईने तिथूनच, दबक्या आवाजात सांगितलं, "थांब बाई, ती निजलीय."

तिने कान कढईजवळ नेला. चुरचुर बारीक होत गेली, आणखी बारीक झाली, आणि मग तेल गप झालं. नंदाबाईने दोन्ही हातांनी फडकं धरून कढई चुलीवरून खाली उतरवली.